माल आपला, गोदाम दुसऱ्याचं: वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या पत्रांत आणि मेलमध्ये एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला. रायगडपासून सावंतवाडीपर्यंत घरगुती म्हणून सुरू झालेले कितीतरी ब्रँड आता ऑनलाइन विकतायत, आणि ऑर्डरी वाढल्या की पडवीतलं पॅकिंग पुरत नाही, मग माल भिवंडीच्या नाहीतर पुण्याच्या एखाद्या फुलफिलमेंटवाल्याकडे ठेवायला लागतो, म्हणजे साठवण, पॅकिंग, कुरिअरला देणं, परत आलेलं पार्सल घेणं सगळं तो करणार आणि आपण महिन्याला बिल भरणार. सोय चांगलीच आहे. पण माल डोळ्यांआड गेला की इकडे शंका सुरू होते आणि तिकडच्याला वाटतं हे लोक उगाच संशय घेतात. दोन्ही बाजूंची पत्रं आलीयत, दोन्ही घेते.

प्रश्न: ताई, मी कोकम आगळ आणि आंबापोळी ऑनलाइन विकते. भिवंडीच्या एका गोदामात आगळाच्या ६०० बाटल्या पाठवल्या. त्यांच्या रिपोर्टप्रमाणे ४१२ ऑर्डरी गेल्या आणि शिल्लक १४१. मग ४७ बाटल्या गेल्या कुठे? फोन केला की "बघून सांगतो मॅडम" एवढंच. आमचे मिस्टर म्हणतात चोरीच आहे, गाडी करून माल उचलून आणूया. काय करू? (देवगड)

गाडी आत्ताच करू नका. चोरी असूही शकते, मी नाही म्हणत नाही, पण आधी एक बघा, ४१२ ऑर्डरी म्हणजे ४१२ बाटल्या का? तुमच्याकडे दोन बाटल्यांचा कॉम्बो असेल, किंवा कुणी एका ऑर्डरीत तीन घेतल्या असतील, तर बाटल्या जास्त गेल्या आणि त्या हिशोबात बरोबरही गेल्या. रिपोर्ट ऑर्डरींचा नको, नगांचा मागा. अर्धी भांडणं इथेच मिटतात.

तरीही फरक उरला तर तो जिथे लपतो अशा जागा ठरलेल्या असतात. पहिली जागा म्हणजे माल उतरवतानाची. तुम्ही ६०० पाठवल्या, पण त्यांनी मोजल्या काय? बऱ्याच ठिकाणी खोके मोजतात, नग मोजत नाहीत, २४ च्या खोक्यात २३ असली तरी २४ च लिहिली जाते आणि मग ती एक बाटली सहा महिन्यांनी "हरवते". माल उतरला की मोजून पोचपावती द्यायची असते, त्याला ते जीआरएन म्हणतात, ती तुमच्याकडे आहे का बघा. नसेल तर ६०० हा आकडा फक्त तुमच्या वहीत आहे.

दुसरी जागा परत आलेल्या पार्सलांची. कॅश ऑन डिलिव्हरीत माणूस घरी नव्हता, मन बदललं, पैसे नव्हते, पार्सल परत येतं, आणि गोदामात एका कोपऱ्यात परतीच्या मालाचा ढीग पडतो. तो उघडून, बाटली बघून, चांगली असेल तर पुन्हा स्टॉकला घ्यायची आणि खराब असेल तर तसं लिहायचं, हे काम कंटाळवाणं आहे म्हणून मागे राहतं. तेवढे दिवस ती बाटली गेलेल्यातही नाही आणि शिल्लकेतही नाही. तुमच्या ४७ मधल्या बऱ्याचशा तिथे निघाल्या तर मला नवल वाटणार नाही.

तिसरी जागा आगळाची स्वतःची. आगळ किती खारट आणि आंबट असतं तुम्हाला माहितीय, बूच जरा सैल बसलं की आडव्या ठेवलेल्या खोक्यातून पाझरतं, आणि एकदा तो लाल डाग पुठ्ठ्याला लागला की खालच्या थराची लेबलं पण जातात. पॅकिंग करणारी मुलं काय करतात, डाग लागलेली बाटली बाजूला ठेवतात, दुसरी घेतात, कारण त्यांना संध्याकाळच्या कुरिअरच्या गाडीआधी पार्सलं काढायची असतात. बाजूला ठेवलेली कोणी लिहिली नाही की झाली गहाळ. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. पण त्या खराब बाटलीचा फोटो त्याच दिवशी तुमच्या फोनवर आला असता तर तुम्ही बूच बदललं असतं, पुढच्या बाटल्या वाचल्या असत्या. मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो, की नुकसान झालं यापेक्षा नुकसान कळलंच नाही.

आपल्याकडच्या बागायतदारांना हे दुखणं जुनं आहे. पेट्या वाशीला जायच्या, तिथे रुमालाखाली हातात हात घालून भाव ठरायचा, आणि घरी काय यायची तर पट्टी, इतक्या पेट्या, हा भाव, हमाली वजा, दलाली वजा, बाकी अमुक. पट्टी खरी असेलही. पण भाव ठरताना आपलं कोणी तिथे नसायचं म्हणून खऱ्या पट्टीवरही मन बसायचं नाही. तुमच्या गोदामवाल्याचा महिन्याचा रिपोर्ट म्हणजे तीच पट्टी आहे. त्यावर विश्वास ठेवायचा का नाही हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो, तो तपासता येतो का हा खरा प्रश्न.

म्हणून त्यांना भांडायला नको, काम सांगायला फोन करा. म्हणा, एक दिवस ठरवू, मी नाहीतर आमचं माणूस येतो, आगळाची मोजणी एकत्र करू. आलेला माल, वजा गेलेला, अधिक चांगला परत आलेला, वजा खराब, म्हणजे शिल्लक, ही एकच ओळ नगांत मांडायची आणि दोघांनी सही करायची. यायला नको म्हणाले किंवा तारखा पुढे ढकलत राहिले तर मग मिस्टरांचं ऐका.

मोजणी झाली की पुढच्यासाठी हे लिहून घ्या, आत्ताचा करार असेल तरी त्याला पुरवणी जोडता येते. माल उतरल्यापासून किती तासांत नगांची पोचपावती येणार. परतीच्या मालाचा निकाल किती दिवसांत लागणार. खराब मालाचा फोटो कधी येणार, मी तर त्याच दिवशी म्हणेन. जास्त खपणाऱ्या वस्तूंची मोजणी दर आठवड्याला, बाकीची महिन्याला. आणि घट किती चालवून घ्यायची, त्यावरची भरपाई कशी, लागत किमतीने का छापील किमतीने, यावर आधीच बोला, नंतर या एका मुद्द्यावर दोन्हीकडची माणसं ताठ होतात. छापील किमतीने मागितलं तर कोणी शहाणा गोदामवाला मान्य करणार नाही, लागत किंमत अधिक पाठवणीचा खर्च इतकं रास्त आहे असं माझं मत.

हे कुठेच लिहिलेलं नसलं तरी कायदा अगदीच गप्प नाही. १८७२ च्या करार कायद्यात, दुसऱ्याचा माल ताब्यात घेणाऱ्याने साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यायला हवी असं आहे. पण तेवढी काळजी घेऊनही नुकसान झालं तर तो सुटतो, म्हणून विमा कोणाचा हे विचारा. त्यांच्या पॉलिसीत तुमचा माल धरलाय का, आणि आगीबरोबर पूर धरलाय का. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हा विम्याच्या कागदात काय होतं आणि काय नव्हतं ते दुकानदारांना चिखल काढता काढता कळलं.

आंबापोळीचं वेगळं सांगते. पावसाळी हवेत ती चिकट होते, आणि गोदामात नवीन खोकी पुढे आणि जुनी मागे असं झालं की जुनी पडून राहते. ज्याची मुदत आधी संपते ते आधी निघालं पाहिजे आणि त्यासाठी रिपोर्टात बॅच नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, नुसता आकडा कामाचा नाही. एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना सांगितलंय की गिऱ्हाइकाच्या हातात पडताना मुदतीतली निदान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असायला हवेत. शिवाय गोदामाचं स्वतःचं एफएसएसएआय लायसन्स असावं लागतं, त्याची प्रत मागून ठेवा, संकोच करू नका. पाकिटावर नाव, पत्ता आणि तक्रारीचा नंबर तुमचा आहे, गिऱ्हाईक भिवंडीला फोन करणार नाही, देवगडलाच करणार.

प्रश्न: भिवंडीला माल ठेवायचा तर जीएसटीत काही करावं लागतं का? गोदामवाला म्हणतो काही गरज नाही. (मालवण)

गरज आहे. तुमची जीएसटी नोंदणी असेल तर ते गोदाम तुमच्या नोंदणीत धंद्याची अतिरिक्त जागा म्हणून टाकावं लागतं, बदल झाल्यापासून १५ दिवसांत अर्ज करायचा असतो, आणि त्यासाठी गोदामवाल्याकडून संमतीपत्र किंवा करार आणि वीजबिलाची प्रत लागते. ही कागदं द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे माल ठेवूच नका, जागा त्याच्या नावावर आहे की आणखी तिसऱ्याच्या, हे पण त्यातून कळतं. नोंदणी झाली की मालवणहून भिवंडीला माल डिलिव्हरी चलानवर, म्हणजे विक्री नसताना माल नेण्याच्या कागदावर जातो, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद. गोव्यात किंवा कर्नाटकात गोदाम घेतलंत तर त्या राज्याची वेगळी नोंदणी लागते. बाकी तुमच्या सीएला विचारा.

प्रश्न: आमची रत्नागिरीजवळ हापूसची बाग आहे. गेल्या सीझनला पुण्यातल्या एका पार्टनरकडे पेट्या पाठवल्या, ते तिथून घरपोच देतात. खूप तक्रारी आल्या, आंबा खराब निघाला म्हणून. पार्टनर म्हणतो तुमचा मालच तसा, आम्हाला वाटतं त्यांनी पेट्या आदळल्या, आणि खरं सांगायचं तर आंबे बदलले असतील अशीही शंका आहे. या वर्षी कसं करावं? (रत्नागिरी)

आंबा ही गोदामात ठेवायची वस्तूच नाही, रोज पिकते, म्हणून इथे दोघांचंही दोषाचं माप वेगळं लागतं. "खराब निघाला" हा शब्द तक्रारीत स्वीकारूच नका. गिऱ्हाइकाकडून कापलेल्या आंब्याचा फोटो मागा आणि खराबीचे प्रकार वेगळे करा.

साका असेल, म्हणजे बाहेरून देखणा आणि आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग, तर तो बागेतूनच आलाय. हापूसमध्ये साका कापल्याशिवाय दिसत नाही, पुण्यातला पॅक करणारा मुलगा तो कसा ओळखणार, त्याची भरपाई तुम्हीच द्यायची आणि पार्टनरला तसं स्पष्ट सांगायचं. एका बाजूने चेपलेला, साल फुटलेली, रस सुटलेला असेल तर तो हाताळणीचा, पेटी आदळली किंवा थरावर थर जास्त रचले. देठाकडून काळा पडत गेलेला असेल तर मात्र बघावं लागेल, काढणी, देठ किती ठेवला, पार्टनरकडे किती दिवस आणि किती उकाड्यात पडून होता, यात दोघांचा वाटा असू शकतो, तिथे अर्धं अर्धं असं आधीच ठरवून टाका. हे तीन प्रकार फोटोंसकट एका कागदावर करून पार्टनरच्या तक्रार घेणाऱ्या मुलीला द्या. तिला आंबा कळत नाही, तिचा यात दोष नाही, तिला कोणी दाखवलंच नाही.

बदलल्याची शंका. ही मनात ठेवून धंदा करू नका, पोखरते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांतल्या आंब्यालाच ते नाव, आणि नोंदणीकृत बागायतदार ते वापरू शकतो, तुम्ही नोंदणी केली नसेल तर करा. पण मानांकन पेटीवर असतं आणि अदलाबदल पेटीच्या आत होते. त्यामुळे बागेतच पेटी सील करा, सीलवर नंबर, आणि नंबराबरोबर तोडणीची तारीख व डझन. गिऱ्हाइकाला तोच नंबर मेसेजमध्ये जाऊ दे, "सील फुटलेलं असेल तर पेटी घेऊ नका" असं लिहून. पुण्यात पेटी उघडून निवडावी लागत असेल, आणि पिकण्याच्या हिशोबाने लागतेच कधी कधी, तर उघडलेल्या पेटीचे नंबर रोज तुम्हाला आले पाहिजेत आणि वर दुसरं, वेगळ्या रंगाचं सील. चांगला पार्टनर याला हरकत घेत नाही, उलट त्यालाही हवंच असतं, कारण सील शाबूत असेल तर आरोप त्याच्यावर येत नाही.

आणि तुमच्याकडूनही त्याला काही कळायला हवं. कोणत्या दिवशी किती पेट्या निघणार हे तुम्ही आदल्या संध्याकाळी सांगता का? मोहर कमी धरला, अवकाळी पाऊस झाला, तोडणी पुढे गेली, हे तुम्हाला बागेत दिसतं, त्याला पुण्यात बसून दिसत नाही आणि त्याने गाड्या आणि माणसं लावून ठेवलेली असतात.

प्रश्न: अर्धा किलो काजूचं पाकीट, कुरिअरचं बिल दोन किलोचं. पार्टनर फसवतोय ना? (चिपळूण)

बहुतेक नाही, खोका फसवतोय. कुरिअरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त ते लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणा आणि ५००० ने भागा, बहुतेक ठिकाणी ५००० असतं, तुमच्या दरपत्रकात बघून घ्या. ३० बाय २० बाय १५ चा खोका असेल तर ९००० भागिले ५००० म्हणजे १.८ किलो, आणि बिल अर्ध्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने होतं म्हणून २ किलो. तेच पाकीट २० बाय १५ बाय ८ च्या खोक्यात बसवलंत तर आकारमान अर्ध्या किलोच्या आत येतं आणि पॅकिंग धरून खऱ्या वजनावर १ किलोचं बिल होईल. पार्टनरला विचारा की माझ्या पाकिटासाठी कोणता खोका वापरता, मापं किती, आणि निघताना वजनकाट्यावर ठेवून फोटो काढता का. वजनाच्या वादात कुरिअरकडे तक्रार करायची मुदत थोडी असते, फोटो नसेल तर पार्टनरही काही करू शकत नाही.

एक मात्र विचाराच, कुरिअरचा मूळ दर किती आणि त्यावर तो स्वतःचे किती लावतो. लावायला हरकत नाही, त्याचा धंदा आहे तो, पण वेगळी ओळ दाखवावी.

प्रश्न: ताई, आमचा पण गाऱ्हाणा जरा आयका. कुडाळला माझं छोटं पॅकिंग आणि डिस्पॅचचं युनिट आहे, आजूबाजूच्या मसालेवाल्या, काजूवाल्या, कोकमवाल्या ब्रँडांचं काम करतो. काही झालं की पहिलं नाव आमचं. उशीर झाला, आमची चूक. बाटली फुटली, आमची चूक. सेल लावतात तो आम्हाला इन्स्टाग्रामवर कळतो. आणि पैसे तीन तीन महिने येत नाहीत. विश्वास फक्त आम्हीच दाखवायचा काय? (कुडाळ)

नाही. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि ब्रँडवाल्या वाचकांनीही वाचावं म्हणून जवळजवळ पूर्ण छापतेय.

सेलचं आधी. गणपतीच्या आधीचे दिवस आठवा, मुंबईकर गावी येतात आणि मुंबईत राहिलेले गावचा मसाला मागवतात, त्यात एखाद्या ब्रँडने रात्री नऊला "दोनवर एक फ्री" टाकलं की सकाळी तुमच्या टेबलावर रोजच्या चौपट ऑर्डरी. खोके नाहीत, टेप नाही, हाताखालच्या बायका निम्म्या घरच्या तयारीत सुट्टीवर. उशीर होणारच. आणि गिऱ्हाईक ब्रँडला शिव्या देतं, ब्रँड तुम्हाला. हे थांबवायला करारात दोन ओळी पुरतात. पुढच्या महिन्याचा अंदाज अमुक तारखेपर्यंत द्यायचा, आणि अंदाजाच्या दीडपटीपर्यंत, तुम्हाला झेपेल तो आकडा घाला, वेळेत पाठवायची जबाबदारी तुमची, त्यावर गेलं तर वेळेची हमी नाही. ब्रँडने अंदाज दिलाच नाही तर उशिराचा दंड नाही.

पावसाळ्याचंही लिहूनच घ्या. घाटात दरड आली, हायवेला गाडी अडकली, तर पार्सल तुमच्या दारातून वेळेत निघूनही उशिरा पोचणार. तुमची वेळ मोजायची ती ऑर्डर आल्यापासून कुरिअरच्या हातात देईपर्यंत, पुढची कुरिअरची. हे दोन आकडे वेगळे ठेवा आणि रोज ब्रँडला पाठवा. कुरिअरच्या गाडीत पार्सलं चढली की त्यांची यादी, जिला मॅनिफेस्ट म्हणतात, त्यावर कुरिअरच्या पोराची सही आणि वेळ घ्या. ज्या दिवशी आरोप येईल त्या दिवशी तो कागद तुमच्यासाठी बोलेल.

फुटलेल्या बाटलीचं. नवीन माल घेताना चार बाटल्या पॅक करून कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाकून बघा, ब्रँडच्या माणसासमोर. फुटली तर पॅकिंग बदला, खर्च त्याला सांगा. तो म्हणाला नको, स्वस्तातलंच वापरा, तर तसं मेसेजवर लिहून घ्या. मग फुटीची जबाबदारी कोणाची ते वेगळं सांगायला नको.

आता पैसे. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? तुम्ही सेवा देता आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योगात बसता, म्हणजे २००६ चा एमएसएमई कायदा तुमच्या बाजूने आहे. लेखी करार असेल तर त्यात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांवर पैसे ठेवता येत नाहीत, करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, महिन्याच्या चक्रवाढीने. सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर तक्रार टाकता येते. लगेच टाका असं म्हणत नाही, कुडाळ काय आणि सावंतवाडी काय, उद्या परत तोंड बघायचंय, पण बिलावर उद्यम नंबर आणि देय तारीख छापा, पुष्कळांना हा कायदा आहे हेच माहीत नसतं आणि नुसतं छापल्यानेही फरक पडतो.

आणि एक विनंती, रागाने सुद्धा करू नका असं काम सांगते. पैसे थकले म्हणून न सांगता ऑर्डरी थांबवणं. काही युनिटवाले करतात. त्यात ज्याचा काही संबंध नाही असं गिऱ्हाईक भरडलं जातं. थांबवायचं असेल तर आधी लेखी कळवा, अमुक तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर नवीन ऑर्डरी घेणार नाही, आधीच्या पाठवून देऊ. तुमच्या युनिटमध्ये चूक झाली, लेबल बदललं, एकाचा मसाला दुसऱ्याला गेला, तर ब्रँडला गिऱ्हाइकाच्या आधी तुमच्याकडून कळू दे. फोन जड वाटतो, मला माहितीय. पण ज्या युनिटकडून वाईट बातमी वेळेवर येते त्याला ब्रँड सहजासहजी सोडत नाही, पर्याय शोधताना लोक दराआधी हेच विचारतात.

प्रश्न: आमच्याकडून घेणाऱ्या गिऱ्हाइकांना दुसऱ्याच कोकम सरबतवाल्याचे मेसेज येतात. नंबर पार्टनरकडून फुटले असतील का? (गुहागर)

फुटले असतील, कुरिअरकडून फुटले असतील किंवा तुमच्या वेबसाइटच्या एखाद्या जोडणीतूनही. शोधायचा एक साधा उपाय, ओळखीच्या दोघातिघांच्या नावाने ऑर्डर टाका, प्रत्येकाचं स्पेलिंग थोडं वेगळं, नंबर असा की जो दुसरीकडे कुठेच दिलेला नाही. एक ऑर्डर पार्टनरकडून पाठवा, एक स्वतः दुसऱ्या कुरिअरने. मेसेज कोणत्या नावाने येतो ते बघा. पार्टनरला पण सरळ विचारा की नंबर किती जणांना दिसतात, लेबलावर पूर्ण छापता का, काम झाल्यावर यादी कधी पुसता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात, माहिती दुसऱ्याकडून हाताळून घेतली तरी गिऱ्हाइकाला उत्तर देण्याची जबाबदारी ज्याने ती गोळा केली त्याचीच, म्हणजे तुमची आहे.

प्रश्न: पार्टनर बदलायचं ठरलंय, भांडण नाही, फक्त आमचं काम वाढलं आणि त्यांना झेपत नाही. नीट कसं निघावं? (अलिबाग)

भांडण नसताना निघताय म्हणजे अर्धं काम झालंय. नोटीस कराराप्रमाणे लेखी द्या, तोंडी आधी सांगा, मेलमधून कळणं कुणालाच आवडत नाही. थकलेलं बिल चुकतं करा, कारण केलेल्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत माल अडवून ठेवायचा हक्क बहुतेक करारांत गोदामवाल्याने लिहून घेतलेला असतो आणि आंबापोळी वाट बघत नाही. शेवटची मोजणी दोघांनी मिळून करा, बॅचप्रमाणे, फोटो काढून, आणि फरक निघाला तर तो त्याच टेबलावर मिटवा.

नवीन जागी सगळा माल एकदम नेऊ नका. कमी खपणारा आधी हलवा, तिथून काही दिवस ऑर्डरी जाऊ देत, नीट जातायत असं दिसलं की बाकीचा. जीएसटीत जुनी जागा काढायची आणि नवीन घालायची आठवण ठेवा, पण जुनी लगेच काढू नका, कारण तुम्ही निघालात तरी आधी पाठवलेली जी पार्सलं गिऱ्हाईक घेणार नाही ती जुन्याच पत्त्यावर परत येत राहतील, चांगले काही आठवडे. ती कोण उतरवून घेणार, किती दिवस ठेवणार, नगाला किती पैसे घेणार आणि तुम्ही कधी उचलणार, हे निघायच्या आधी लिहून दोघांच्या सह्या घ्या.